घराचा आधार आणि घराचे ओझे

छत्रपती संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत मागे पडली की करमाड लागते. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या जुन्या लोहमार्गावरील हे एक लहानसे स्थानक आणि भोवतालच्या खेड्यांचे दळणवळणाचे ठिकाण. गावाच्या एका अंगाला कपाशी, मका आणि मोसंबीची शेते आहेत. दुसऱ्या अंगाला २००१ साली शेंद्र्यात सुरू झालेला मोटारींचा कारखाना, त्याच्या मागोमाग आलेले लहानमोठे उद्योग आणि अलीकडे आखलेले ‘ऑरिक’ नगर आहे. भूसंपादनाच्या मोबदल्याने काही घरांत पैसा आला, काही घरांत भाऊबंदकीचे तंटे आले. आणि जमीन गेलेल्या, जमीन राहिलेल्या व जमीन कधीच नसलेल्या अशा तिन्ही प्रकारच्या घरांतली मुले आज एकाच वर्गात मांडीला मांडी लावून बसतात. कारखान्यांच्या कामासाठी नांदेड-परभणीकडून, त्याचप्रमाणे बिहार आणि उत्तर प्रदेशातून येऊन भाड्याच्या खोल्यांत राहिलेल्या कुटुंबांची मुलेही त्यांच्यात असतात. बारा ते अठरा या वयातल्या या मुलांच्या मनात काय चालते, याची चौकशी आपल्याकडे बहुधा एखादी दुर्घटना घडल्यावरच होते. ती अगोदर व्हावी, आणि नेमक्या ज्ञानाच्या आधाराने व्हावी, यासाठी हा लेख.

कुमारवयात काही मुलांना जगणे नकोसे वाटते, आणि काहींच्या मनात ते संपवण्याचे विचारही येतात. या विचारांच्या अनेक पायऱ्या असतात. आपण नसतो तर घरच्यांचे बरे झाले असते, सकाळ होऊच नये, असे अस्पष्ट वाटणे ही एक पायरी झाली. तेच विचार वारंवार येऊन मनात ठाण मांडून बसणे ही त्याहून पुढची. यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. ज्यांच्या मनात असा विचार डोकावतो त्यांतील बहुसंख्य मुले त्या विचाराने कृतीस प्रवृत्त होत नाहीत, वेदनेचा काळ ओसरला की तो विचारही ओसरतो. आणि तरीसुद्धा प्रत्येक असा विचार हा असह्य होत चाललेल्या दुःखाचा निदर्शक असल्याने त्याची उपेक्षा करणे, ‘नाटके करतो’ म्हणून त्याची वासलात लावणे, कोणत्याही परिस्थितीत क्षम्य नाही. ज्या परिस्थितीमुळे असे विचार येण्याची किंवा बळावण्याची शक्यता वाढते तिला या विषयाचे अभ्यासक जोखमीचे घटक म्हणतात, आणि जी परिस्थिती ही शक्यता कमी करते तिला संरक्षक घटक म्हणतात. त्यांतला एखादा घटक एकटा काहीच ठरवीत नाही, मात्र अनेक एकत्र आले की त्यांचे वजन पडते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दप्तरी २०२२ साली देशात आत्महत्येने झालेल्या १,७०,९२४ मृत्यूंची नोंद आहे. त्यांत विद्यार्थी १३,०४४ होते आणि त्यांपैकी १,७६४ एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. हे आकडे पोलिसांचे पंचनामे आणि नातलगांचे जाबजबाब यांवरून तयार होतात, आणि त्यांत कारणासाठी एकच रकाना असतो. माणसाच्या दुःखाला इतका अरुंद रकाना पुरत नाही हे खरे. तथापि त्या रकान्यातूनही एक गोष्ट दिसते, आणि ती आपल्या रूढ समजुतीच्या विरुद्ध आहे. २०२१ साली अठरा वर्षांखालील १०,७३२ मुलामुलींचा असा मृत्यू नोंदला गेला. त्यांत परीक्षेतील अपयश हे कारण ८६४ जणांच्या बाबतीत लिहिलेले होते. त्याहून कितीतरी अधिक ठिकाणी कौटुंबिक प्रश्न हे कारण नोंदलेले होते, आणि प्रेमप्रकरणे व आजार यांचा क्रमही परीक्षेच्या वर होता. दहावी-बारावीचा निकाल लागला की वृत्तपत्रांतून जी काळजी व्यक्त होते ती योग्यच आहे, परंतु निकालाच्या आठवड्यापुरती काळजी करून भागणार नाही. उरलेल्या एक्कावन्न आठवड्यांत घराच्या चार भिंतींच्या आत जे चालते तिकडे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

घर हा या विषयाचा गाभा आहे. हे नीट उमगण्यासाठी क्षणभर दूरच्या एका समाजाकडे पाहू. मेक्सिको, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक आणि मध्य अमेरिकेतील लहान लहान देश यांतून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जाऊन वसलेल्या स्पॅनिशभाषक लोकांना तेथे लॅटिनो म्हणतात. आईबाप शेतांत, बांधकामांवर, हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबतात. मुले इंग्रजी शाळेत जातात, आईबापांसाठी कचेरीत दुभाषाचे काम करतात, आणि घरातल्या कोणाकडे कागदपत्रे नसली तर परत पाठवणीची धास्ती रात्रंदिवस बाळगतात. या समाजातल्या कुमारवयीन मुलींमध्ये स्वतःला इजा करून घेण्याचे प्रयत्न इतर मुलींपेक्षा अधिक दिसतात, असे अनेक वर्षांच्या पाहण्यांतून आढळून आले. समाजकार्याचे प्राध्यापक लुईस झायस यांनी न्यूयॉर्कमधील अशा मुली आणि त्यांच्या माता यांच्याशी दीर्घ संभाषणे करून २०११ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना जे आढळले ते आपल्याला अपरिचित वाटणार नाही. या घरांतून कुटुंबाचा जिव्हाळा विलक्षण घट्ट असतो. एकाचे सुखदुःख सर्वांचे असते, आईबापांचा शब्द मोडणे हे पाप समजले जाते. हाच जिव्हाळा बहुतेक मुलांना सावरून धरतो. परंतु मुलगी वयात येऊ लागली, तिला मैत्रिणींप्रमाणे थोडी मोकळीक हवीशी झाली, आणि तेवढे मागणे म्हणजेच घराशी बेइमानी असा तिचा किंवा आईचा ग्रह झाला, की तोच जिव्हाळा तिचा श्वास कोंडतो. ज्या घरांत मायलेकींना एकमेकींचे म्हणणे ऐकून घेण्याची सवय होती, त्या घरांतील मुली हा संघर्ष निभावून नेत. जेथे ती सवय नव्हती तेथे संकट ओढवे. आणखी एक गोष्ट या क्षेत्रातल्या संशोधनातून पुढे आली आहे: नव्याने आलेल्या पिढीपेक्षा तेथेच जन्मलेल्या मुलांत असे विचार अधिक आढळतात. दारिद्र्य पहिल्या पिढीच्याच वाट्याला अधिक आलेले असते, म्हणजे या मुलांच्या दुःखाचा उलगडा केवळ दारिद्र्याने होत नाही. दोन जगांच्या मध्ये, कोणत्याच जगाचे पुरते न होता उभे राहावे लागणे, हे त्यांचे खरे दुःख आहे.

करमाडच्या परिसरातले मूल देश सोडून कोठे गेलेले नाही, परंतु दोन जगांच्या मध्ये तेही उभे आहे. असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. चार एकर कोरडवाहू जमीन, त्यात कपाशी. गेल्या हंगामात बोंडअळीने आणि अवेळी पावसाने निम्मे पीक नेले. सोसायटीचे कर्ज थकले आहे, खाजगी सावकाराचा तगादा चालू आहे. थोरला मुलगा अकरावीला शहरात शिकतो, सकाळच्या एस.टी.ने जातो. त्याच्या शिकवणीची फी भरण्यासाठी वडिलांनी काय काय केले हे त्याला ठाऊक असते, कारण ते त्याला सांगितलेले असते. ‘तुझ्यापायी आम्ही हाडाची काडं करतोय’ हे वाक्य मराठवाड्यात हजारो घरांत उच्चारले जाते, आणि ते रागापेक्षा मायेनेच उच्चारले जाते; मुलाला जिद्द यावी हाच बोलणाऱ्याचा हेतू असतो. अभ्यासात गती असलेले, मनाने निरोगी असलेले मूल त्यातून जिद्दही घेते. परंतु ज्या मुलाला गणित उमजत नाही, शहरातल्या वर्गात ज्याच्या बोलण्याला मुले हसतात, ज्याला रात्र रात्र झोप येत नाही आणि का येत नाही हे सांगता येत नाही, ते या वाक्यातून एकच निष्कर्ष काढते: आपण या घरावरचे ओझे आहोत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ साली मांडलेल्या उपपत्तीत नेमक्या याच भावनेला मोठे स्थान आहे. आपण कोणाचेच नाही ही एक जाणीव, आणि आपण आपल्या माणसांवर भार झालो आहोत ही दुसरी. या दोन्ही एकत्र आल्या आणि बदलण्याची आशा मावळली, की मृत्यूचा विचार बळावतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. यांतली दुसरी जाणीव जवळजवळ नेहमीच खोटी असते. घराला विचारले तर घर सांगेल की हे मूलच आमचे सर्वस्व आहे. परंतु घराला विचारतो कोण, आणि मुलाच्या मनात हा हिशेब चालला आहे हे घराला कळवतो कोण?

मुलींच्या बाबतीत हा पेच अधिक बिकट आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वी झाल्याचे आढळले. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के आणि बीडमध्ये ४३.७ टक्के होते. यामागे केवळ अडाणीपणा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. आईबाप ऊसतोडीला चार-पाच महिने जाणार, तरणी पोर मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची. हायस्कूल सहा किलोमीटरवर, एस.टी. वेळेवर येईल याची शाश्वती नाही. अशा अवस्थेत ‘उजवून टाकली म्हणजे घोर मिटला’ ही भाषा जन्माला येते. घोर आईबापांचा मिटतो. पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलीपुढे मात्र वाट बंद होते, आणि गावातल्या कोणा मुलाशी ती बोलताना दिसली, तिच्या हाती मोबाइल सापडला, तर इभ्रतीच्या नावाखाली मारहाणही होते. गोव्यातील ग्रामीण आणि शहरी भागांतील सोळा ते चोवीस वयाच्या ३,६६२ तरुण-तरुणींची पाहणी करून पिल्लई, अँड्र्यूज आणि पटेल या संशोधकांनी २००९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले ते या संदर्भात वाचण्याजोगे आहेत. मागील तीन महिन्यांत आत्महत्येविषयीचे विचार वा वर्तन सुमारे ४ टक्क्यांत आढळले. आणि मुलगी असणे, शाळा-महाविद्यालय सुटलेले असणे, घरात मारहाण होणे, लैंगिक अत्याचार सोसलेला असणे, व मनाचा दुखणाईतपणा, यांच्याशी त्याचा निकट संबंध दिसला. शाळा सुटणे हा येथे विशेष लक्षात घेण्यासारखा मुद्दा आहे. शाळेचा उपयोग आपण गुणांवरून मोजतो; परंतु रोज घराबाहेर पडून समवयस्कांत काही तास घालवण्याची जी मुभा शाळा देते, तीच पुष्कळ मुलींच्या बाबतीत मनाचे रक्षण करीत असते.

मुलांवरचे दडपण निराळ्या जातीचे असते. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीसाठी पहाटे रस्त्याने धावणाऱ्या पोरांपैकी थोडीच निवडली जातात. उरलेल्यांना रडण्याची सोय नसते, आणि ती मुकी निराशा मग दारूत किंवा भांडणात बाहेर पडते. आपल्याकडे मुलगा गप्प झाला की तो शहाणा झाला असे समजतात. तो समज घातक आहे.

काही घरे अशी असतात की तेथे मृत्यू अगोदरच येऊन गेलेला असतो. मराठवाड्यात २०२३ साली १,०८८ शेतकऱ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला. बीड जिल्ह्यात २६९ आणि त्याखालोखाल छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात १८२. या प्रत्येक घटनेनंतर महसूल खात्याची चौकशी होते. तलाठी आणि तहसीलदार यांच्याकडून कागद जमतात, सात-बाराचा उतारा आणि थकीत कर्जाचा दाखला पाहिला जातो, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती प्रकरण पात्र की अपात्र हे ठरवते. पात्र ठरल्यास वारसांना १ लाख रुपये मिळतात. या सगळ्या कारवाईत चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला कोणी काही विचारत नाही. त्याने बापाच्या निधनाचे दुःख करावे तर आईला धीर कोणी द्यायचा. आणि ‘आता घरातला कर्ता तूच’ हे शब्द तर तेराव्याच्या आतच त्याच्या कानी पडलेले असतात. ज्या घरात आईवडिलांपैकी कोणाचा असा मृत्यू झाला आहे तेथील मुलांना स्वतःला या विचारांची जोखीम अधिक असते, हे जगभरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले आहे. या मुलांचे शिक्षण थांबू नये म्हणून बीड जिल्ह्यातील आर्वीचे ‘शांतिवन’ किंवा भारतीय जैन संघटनेचा पुण्याजवळील वाघोलीचा प्रकल्प यांसारख्या संस्थांनी जे काम केले आहे त्याचे मोल यासाठी मोठे आहे की तेथे मुलाला आपल्यासारखीच दुसरी मुले भेटतात. आपल्यावरच हे ओढवले, आपल्यातच काही वैगुण्य असले पाहिजे, ही समजूत त्या संगतीत विरघळते.

येथवर जोखमीचे झाले. संरक्षणाचा विचार करताना सामान्यतः आपण उपदेशाकडे वळतो: मुलांनी खंबीर व्हावे, पालकांनी अपेक्षा लादू नयेत, इत्यादी. या उपदेशात चूक काही नाही. परंतु संरक्षक घटक हे पुष्कळदा एखाद्या साध्या सरकारी हुकुमातही असतात, हे आपण विसरतो. दहावीत नापास झालेल्या मुलाला पूर्वी ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे, आणि तोवर अकरावीचे वर्ष हातचे गेलेले असे. चेन्नईच्या डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी १९८६ साली स्थापन केलेल्या ‘स्नेहा’ या संस्थेने तामिळनाडूत असा आग्रह धरला की अशा मुलांची फेरपरीक्षा लगेच घ्यावी, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही. तेथे ती सुरू झाली. महाराष्ट्रात २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये होऊ लागली. निकालानंतरच्या त्या अंधाऱ्या आठवड्यांत ‘अजून एक संधी आहे, आणि ती पुढच्याच महिन्यात आहे’ हे सांगता येणे, याचे मोल व्याख्यानमालांहून अधिक आहे.

त्याच २०१५ च्या दुष्काळात लातूर जिल्ह्यातील एका शाळकरी मुलीच्या मृत्यूने सारे राज्य हळहळले. एस.टी.च्या पासाचे पैसे घरात नव्हते, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. एका पासापायी कोणी जीवन सोडत नाही. नापिकी, कर्ज, वाढते वय, घरच्यांच्या चेहऱ्यावरची हतबलता, असे कितीतरी धागे त्यात गुंतलेले असणार, आणि ते आपण बाहेरून उलगडू शकत नाही. परंतु आपल्या शिक्षणाचा खर्च म्हणजे घरावरचा भार, ही जाणीव त्या वयाच्या मुलीला किती खोल जाऊन बोचते हे त्या घटनेने दाखवून दिले. पुढे दुष्काळी गावांतील विद्यार्थ्यांसाठी एस.टी.च्या पासात सवलत देण्याची योजना निघाली. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी गावातच चालणारी हंगामी वसतिगृहे हीही अशीच तजवीज आहे. शिक्षण खात्याच्या आणि परिवहन महामंडळाच्या अंदाजपत्रकांत या बाबी खर्चाच्या बाजूला लिहिल्या जातात. मनाच्या आरोग्याशी त्यांचा संबंध आहे असे तेथे कोठेही लिहिलेले नसते, पण तो आहे.

घराने काय करावे याविषयी सर्वांत भक्कम पुरावा १९९७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत पाहणीतून मिळाला. मायकेल रेस्निक आणि त्यांचे सहकारी यांनी सातवी ते बारावीच्या १२,११८ विद्यार्थ्यांच्या माहितीचे पृथक्करण केले, तेव्हा वंश कोणता, आईवडील दोघे घरात आहेत की एक, उत्पन्न किती, यांपेक्षा मुलाला आपण घराचे आणि शाळेचे आहोत असे वाटते की नाही, ही गोष्ट अधिक निर्णायक ठरली. सकाळी उठताना, शाळेतून परतल्यावर, रात्री जेवताना, निजण्यापूर्वी घरातले एखादे मोठे माणूस आसपास असणे, एवढ्या साध्या गोष्टीचाही त्यात वाटा होता. शेतकरी घराला यासाठी पैसा लागत नाही. रात्रीचे जेवण एकत्र होते तेथे अर्धे काम झालेले असते. उरलेले अर्धे असे की त्या पंगतीत कर्ज आणि मार्क या दोन विषयांखेरीज तिसरेही काही बोलले जावे.

आणि वेळ आली तर विचारावे, सरळ विचारावे. मूल अबोल झाले, आवडीच्या गोष्टींतून त्याचे मन उडाले, झोप आणि भूक बदलली, जिवाभावाच्या वस्तू ते वाटून टाकू लागले, ‘मी नसलो तरी काय बिघडेल’ अशी भाषा त्याच्या तोंडी आली, तर आत्याने, मामाने, आजीने, शेजारच्या काकूंनी, ज्याच्याशी त्याचे गूळपीठ असेल त्याने बाजूला बसवून विचारावे: ‘बाळा, तुला जगणं नकोसं झालंय का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असे विचारल्याने नसलेला विचार मनात भरेल, ही भीती निराधार आहे. मॅडेलिन गूल्ड यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा हायस्कुलांतल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर हीच गोष्ट तपासली; ज्यांना हा प्रश्न विचारला त्यांचे मन अधिक अस्वस्थ झाले नाही, आणि जे आधीच व्यथित होते त्यांना काहीसे हलके वाटल्याचे दिसले. हा अभ्यास २००५ चा आहे. उत्तर ‘होय’ आले तर ओरडू नये, देवाच्या शपथा घालू नयेत, ‘तुला काय कमी आहे’ असे म्हणू नये. ऐकावे, एकटे सोडू नये, शेतीची औषधे आणि इतर घातक वस्तू त्याच दिवशी कुलपात जाव्यात किंवा घराबाहेर जाव्यात, आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. अशा विचाराची तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि ती ओसरेपर्यंत घातक वस्तू हाताशी नसणे यानेच असंख्य जीव वाचले आहेत. श्रीलंकेने १९९० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, आणि तेथील आत्महत्यांचे प्रमाण पुढील वीस वर्षांत निम्म्याहूनही खाली आले.

डॉक्टरांकडे जाण्यात दोन अडचणी असतात: अंतर आणि भय. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. परंतु करमाडकराला मनोविकारतज्ज्ञासाठी इतके लांब जाण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१४ पासून सरकारी रुग्णालयांत कुमारवयीनांसाठी ‘मैत्री’ या नावाने केंद्रे चालतात. विदर्भ-मराठवाड्यातील चौदा जिल्ह्यांत २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावलीच्या साहाय्याने शेतकरी कुटुंबांतील नैराश्य हुडकतात. त्यांनी घरातल्या कर्त्या पुरुषाबरोबर पोराबाळांचीही विचारपूस करावी, एवढी भर त्यात पडली तर फार मोठे काम होईल. राहिले भय. ‘पोलीस केस होईल’ म्हणून कित्येक कुटुंबे मुलाचा प्रयत्न लपवतात आणि उपचार अर्धवट सोडतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ याच्या ११५ व्या कलमान्वये असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिला शिक्षा देण्याऐवजी तिची शुश्रूषा व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंड संहितेतील ३०९ वे कलमच उरलेले नाही.

या सर्वांत मला शाळेविषयी सर्वाधिक आशा वाटते, आणि तिचे कारण बिहारमधील एका प्रयोगात आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातील चौऱ्याहत्तर सरकारी माध्यमिक शाळांत ‘सेहेर’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. काही शाळांत हा कार्यक्रम त्याच शाळेतील एका शिक्षकाने चालवला. काही शाळांत त्याच भागातील, थोडे प्रशिक्षण दिलेल्या, पण शिक्षक नसलेल्या एका समुपदेशकाने चालवला. उरलेल्या शाळांत तो नव्हता. कार्यक्रम एकच: मुलांच्या तक्रारी-सूचनांसाठी पेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, आणि ज्याला हवे त्याला एकट्याने येऊन बोलण्याची सोय. समुपदेशकाच्या शाळांत वातावरण लक्षणीय सुधारले, मुलांतील नैराश्य, दादागिरी आणि मारहाण कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत फरक पडला नाही. शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ मुळीच नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहाराची नोंदवही आणि अभ्यासक्रम यांत जखडलेल्या माणसाच्या शिरावर आणखी एक काम टाकले, हे एक कारण असू शकते. आणि जो गुण देतो, जो वडिलांना बोलावून घेतो, त्याच्याजवळ मूल मन उघडे करीत नाही, हे मला दुसरे आणि मोठे कारण वाटते. युरोपातील दहा देशांत १६८ शाळांतून झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही असेच दिसले: जेथे मुलांनाच आपल्या व मित्रांच्या मनाविषयी बोलायला, नाट्यप्रसंग करून पाहायला शिकवले, तेथे वर्षभरात आत्महत्येचे प्रयत्न जवळजवळ निम्म्यावर आले; जेथे केवळ शिक्षकांना धोक्याची लक्षणे ओळखायला शिकवले, तेथे म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांत १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा असे म्हटले आहे. म्हणजे शाळेत समुपदेशक असावा या मागणीला आता कायद्याचा आधारही आहे. करमाड आणि आसपासच्या गावांतील शाळा व्यवस्थापन समित्यांनी, ग्रामपंचायतींनी आणि ज्यांच्या दारात कारखाने उभे आहेत त्या उद्योजकांनी एकत्र येऊन, परिसरातीलच एखादी पदवीधर तरुणी वा तरुण या एकाच कामासाठी प्रत्येक हायस्कुलात नेमावा: ना वर्ग घ्यायचा, ना हजेरी, ना गुण, मुलांचे ऐकायचे, आणि जेथे आपले ज्ञान अपुरे पडेल तेथे त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवायचे. या एका नेमणुकीचा खर्च शाळेच्या नव्या प्रवेशद्वाराहून अधिक येणार नाही.

तोपर्यंत, आणि त्यानंतरही, हा लेख वाचणाऱ्या कोणाला, मग तो मोठा असो की लहान, जगणे नकोसे झाल्याचे विचार येत असतील, तर त्याने आजच जवळच्या एका माणसाला ते सांगावे. केंद्र शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तो दिवसरात्र चालू असतो, त्यास पैसे पडत नाहीत आणि तेथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांकही तसाच अहोरात्र खुला आहे.